वजन आधी उतरवू की स्की आधी घेऊ?

पत्राचा गोषवारा

सातारा शहराजवळ स्वतःचं वर्कशॉप चालवणाऱ्या ४६ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र. उंची पाच फूट अकरा इंच, वजन १०८ किलो. मेहुणा टेक्सासात ऑस्टिनला असतो, लेक ट्रॅव्हिसवर त्याची बोट आहे. गेल्या तीन वर्षांत दोनदा तिथं जाणं झालं आणि वॉटर स्कीइंगची, म्हणजे पायाला फळ्या बांधून बोटीमागं दोर धरून पाण्यावर धावण्याची, गोडी लागली. दोन स्कींवर ते उत्तम उभे राहतात. ओढ मात्र लागली आहे ती स्लालमची, म्हणजे एकाच स्कीवर पुढं-मागं पाय ठेवून, पाणी कापत डावीउजवीकडं जाण्याची. एकदा दुसरी स्की पाण्यात सोडून दोनेकशे मीटर गेलेही. "ताई, त्या अर्ध्या मिनिटात मी चाळीस वर्षांचं सगळं विसरलो," असं ते लिहितात. पण खोल पाण्यातून एकाच स्कीवर उठायला गेले तेव्हा चौदाच्या चौदा वेळा पडले. स्की मेहुण्याची, ६७ इंच लांबीची. मेहुण्याचं वजन ७४.

आता दिवाळीत मेहुणा येतोय आणि येताना स्की आणायला तयार आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीत मित्राची लाँच आहे, साठ अश्वशक्तीच्या आउटबोर्ड इंजिनाची. त्यांचे प्रश्न असे: आधी वीस किलो उतरवून मगच स्की घ्यावी का? घ्यायचीच तर एकदाच, स्पर्धेतले खेळाडू वापरतात तशी सर्वांत भारी घ्यावी का? की बायको म्हणते तसं, हे आपल्या अंगाचं काम नाही हे मान्य करावं? शेवटी एक कबुली आहे: मेहुण्याला त्यांनी स्वतःचं वजन ९५ सांगितलं आहे.

उत्तर

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच आकड्यापाशी थांबले. तो आकडा १०८ नाही, ६७ आहे. तुम्ही चौदा वेळा पडलात ते दुसऱ्याच्या मापाच्या स्कीवरून. आठ नंबरचा पाय सहा नंबरच्या चपलेत घालून कोणी पळायला गेलं आणि धडपडलं, तर आपण त्याला पाय बारीक करून ये असं म्हणत नाही.

तरी तुमच्या मनात पहिलं तेच आलं, की चूक माझ्या अंगाची. ते का आलं हे मला चांगलं ठाऊक आहे, त्याबद्दल पुढं लिहिते. आधी पाण्याचं बोलू, कारण पाण्याचा हिशेब सरळ आहे.

लहानपणी नदीकाठी चपटा खडा तिरका फेकला असेल तुम्ही. जोरात फेकला की तो पाण्यावर उड्या मारत जातो, वेग संपला की जागच्या जागी बुडतो. स्की अशीच चालते. थांबलेली स्की तुम्हाला तरंगवत नाही. ती थोडी तिरकी होऊन पाण्याला खाली दाबते आणि पाणी तिला वर उचलतं. हा उचल दोन गोष्टींवर ठरतो: पाण्याला टेकलेला तळ किती मोठा, आणि वेग किती. तळ दुप्पट केला तर उचल दुप्पट. वेग दुप्पट केला तर उचल चौपट.

आता तुमचं आणि मेहुण्याचं वजन मांडा. १०८ भागिले ७४ म्हणजे जवळजवळ दीडपट. तीच स्की, तसाच तिरकेपणा धरला तर तुम्हाला त्याच्यापेक्षा साधारण २१ टक्के जास्त वेग लागणार. तो ताशी ४५ किलोमीटरला आरामात फिरत असेल, तर त्याच ६७ इंची फळीवर तेवढंच हलकं वाटायला तुम्हाला ५४ लागेल. आणि ५४ ला तुम्ही पडलात, तर ४५ ला पडणाऱ्या मेहुण्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा तुमच्या खांद्यामानेवर येते. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा पक्की आहे. म्हणजे जड माणसापुढं दोनच वाटा असतात, वेग वाढवणं किंवा फळी मोठी करणं. पहिली वाट बरगड्यांवरून जाते. मी तुम्हाला दुसरीच सांगणार.

त्या दोनशे मीटरमध्ये "स्की मागं बसल्यासारखी पाणी ढकलत होती" असं तुम्ही लिहिलंय, तेही याच हिशेबात बसतं. तळ अपुरा पडला की स्की शेपटीवर बसते, नाक वर होतं, पाण्याची ओढ वाढते आणि सगळा भार हातांवर येतो. खोल पाण्यातून उठताना तर वेग शून्यापासून सुरू होतो. लहान फळीवर तो अर्धवट बुडालेला टप्पा लांबतो, आणि तेवढा वेळ ते हँडल धरून ठेवणं कुणाच्याही मुठींना जमणं कठीण.

या खेळाचा जन्मच अशा गोष्टीतून झाला. १९२२ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बोटीमागं उभं राहायचा प्रयत्न करत होता. आधी त्यानं पिंपाच्या फळ्या लावून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी त्यानं आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा लाकडी फळ्या आणल्या, टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली आणि त्यांच्यावर उभा राहिला.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझं बालपण सांगलीत कृष्णेच्या घाटावर गेलं. पोहायला तिथंच शिकले, पाण्याची भीती कधी नव्हती. पुढं यजमानांच्या नोकरीमुळं चार वर्षं मेलबर्नला होतो. तिथं लेक ईल्डनवर शेजाऱ्यांच्या बोटीमागं मी स्कीइंग शिकले. तेव्हा माझं वजन ८६ होतं. दुकानात गेले तर विकणाऱ्या मुलानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न विचारताच ६६ इंची, अरुंद, बायकांसाठी म्हणून काढलेली स्की पुढं केली. मलाही वजन सांगायची लाज वाटली. मी घेतली. सबंध उन्हाळा मी त्या फळीवर उठू शकले नाही, आणि घरी येऊन रोज रात्री भात बंद करायच्या शपथा घेतल्या. दुसऱ्या मोसमात शेजाऱ्यांच्या वडिलांनी, सत्तरीच्या माणसानं, गॅरेजमधली आपली जुनी रुंद ६९ इंची स्की माझ्यासमोर ठेवली. फक्त म्हणाले, हिच्यावर बस. त्या दिवशी तिसऱ्या प्रयत्नाला मी उठले. एका हिवाळ्यात माझं वजन दीड किलोनं वाढलंच होतं.

म्हणून "आधी वीस किलो" या अटीबद्दल माझं स्पष्ट मत असं: ती अट मोडा. वजन उतरवायचं असेल तर ते गुडघ्यांसाठी, रक्तदाबासाठी, झोपेसाठी उतरवा, त्याला माझा पाठिंबा आहे. पण ते पाण्यात उतरण्याचं तिकीट करू नका. तशी अट घातलेली माणसं मी पाहिली आहेत. वजन तिथंच राहतं, वर्षं निघून जातात, आणि जे आवडीचं काम करून शरीर हललं असतं तेही होत नाही. समजा खरंच तुम्ही ९० वर आलात, तर मोठी स्की फुकट जाईल का? नाही. ती थोड्या कमी वेगाला तुम्हाला उचलेल, वळताना जरा आळशी वाटेल, एवढंच. तेव्हा ती विकून लहान घ्या.

आता दुसरी समजूत, की सर्वांत महाग ती सर्वांत चांगली. स्पर्धेच्या स्कीचं काम काय ते बघा. स्पर्धेत सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांना, वळसा घालत जायचं असतं, पुरुषांसाठी बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत, आणि दोर १८.२५ मीटरपासून टप्प्याटप्प्यानं आखूड करत नेतात. अशा खेळाडूला वळणाआधी क्षणात वेग कमी करता यायला हवा. म्हणून त्या स्कीचा तळ अरुंद, मधली खोबण खोल आणि बांधा कडक कार्बनचा असतो, म्हणजे ती पाण्यात खोल बसते आणि चुकीला माफी देत नाही. तुम्हाला बोयांना वळसे घालायचे नाहीत. ताशी ४२ ते ४८ च्या वेगाला, उघड्या पाण्यावर, लांब लांब वळणं घ्यायची आहेत. त्या कामाला दोन हजार डॉलरची स्की वाईटच ठरेल. शेतात न्यायला कोणी रेसची मोटारसायकल घेत नाही.

तुमच्यासाठी कंपन्या वेगळ्याच स्की काढतात, लांब, पुढच्या भागात जास्त रुंद, तळाची खोबण उथळ आणि कडा जरा गोलसर. रडारची सेनेट, एचओची ऑम्नी, कॉनेलीची बिग डॅडी ही त्या जातीतली नावं. तिन्हींत फरक आहे. बिग डॅडी सर्वांत रुंद, उठायला सर्वांत सोपी, पण तिच्यावर दोन वर्षांत मन भरेल असं मला वाटतं. सेनेट आणि ऑम्नी मधल्या आहेत, उठवतातही आणि पुढं शिकवतातही. मी तुमच्या जागी असते तर या मधल्या जातीतली घेतली असती.

लांबी? ७१ इंच. तुमच्या वजनाला आणि वेगाला यात घासाघीस नको. कंपनीच्या तक्त्यात वजन आणि बोटीचा वेग अशा दोन रांगा असतात, त्यात तुम्ही शेवटच्या ओळीत येता. इतर वाचकांसाठी ढोबळ सांगायचं तर, हौशी वेगाला ८० किलोच्या आतबाहेर ६७ इंच, तिथून साधारण शंभरपर्यंत ६९, त्यापुढं ७१. दोन मापांच्या मधोमध येत असाल तर शिकणाऱ्यानं मोठं माप घ्यावं. उंचीवरून स्की निवडू नका, दुकानदार निवडू लागला तरी. पाण्याला तुमची उंची कळत नाही.

रुंदीकडं लोक बघतच नाहीत, आणि जड माणसाला खरी मदत तिथं होते. ७० इंची फळी सरासरी अर्धा इंच रुंद झाली तर तळ ३५ चौरस इंचांनी वाढतो. पोस्टाची दोन कार्डं शेजारी ठेवली की जेवढी जागा होईल जवळपास तेवढा. भिंतीला टेकवलेल्या दोन स्कींमध्ये तो फरक डोळ्याला दिसत नाही, पण पाण्यात उतरलात की पहिल्या दोन सेकंदांत कळतो.

बुटांबाबत माझा आग्रह आहे. पुढच्या पायाला लेस किंवा पट्ट्यांनी सैल-घट्ट होणारा, पुढून उघडा बूट घ्या, आणि मागच्या पायाला पूर्ण बूट न घेता फक्त पट्टा घ्या, ज्यात चवडा सरकवता येतो. कारणं दोन आहेत. उठताना मागचा पाय बाहेर सोडून सुकाणूसारखा पाण्यात ओढता येतो, त्यानं डावंउजवं डुलणं थांबतं. उभं राहिलात की पाय पट्ट्यात घाला. दुसरं, पडताना मागचा पाय आपोआप सुटतो. दोन्ही बूट घट्ट असतील आणि एकच पाय निघाला, तर अडकलेल्या घोट्यावर आणि गुडघ्यावर पीळ पडतो. १०८ किलोचा पीळ मला तुमच्या गुडघ्यावर नको आहे. पुढं कोणता पाय, हे तुम्हाला आधीच माहीत आहे: त्या दोनशे मीटरला जी स्की सोडलीत, तो पाय मागचा.

मागच्या टोकाला तळाशी जो पंख असतो, फिन, त्याला हात लावू नका. कारखान्यात लावलेला असतो तसाच पहिला मोसम राहू द्या. बूट मधल्या छिद्रांवर बसवा. तुम्ही वर्कशॉपवाले, हाताला चैन पडणार नाही हे जाणून लिहितेय.

आता बामणोली. इथं मला स्कीपेक्षा लाँचची काळजी जास्त वाटते. लेक ट्रॅव्हिसवरची मेहुण्याची बोट ओढायलाच बांधलेली असणार, मधोमध दोर बांधायचा खांब, दाबाल तसं धावणारं इंजिन. मित्राची लाँच माणसं वासोट्याच्या पायथ्याला पोचवायला बांधलेली आहे. साठ अश्वशक्ती तुम्हाला दोन स्कींवर उठवेल असं मला वाटतं. एका स्कीवर खोल पाण्यातून काढणं तिला जड जाईल, आणि ती जेवढा वेळ कण्हत राहील तेवढा वेळ तुमचे हात झिजतील. म्हणून घरच्या पाण्यावर वेगळी रीत ठेवा. नव्या ७१ इंचीच्या जोडीला एक साधी, स्वस्त, रुंद जुनी स्की ठेवा. दोन्हींवर उठा, पाणी हलकं झालं की जुनी हळूच सोडून द्या, पाय पट्ट्यात घाला. ही सोडलेली स्की कुठं पडली ते लक्षात ठेवून लगेच उचलायला हवी, दुसऱ्या लाँचच्या पंख्याखाली ती यायला नको. खोल पाण्यातून एकाच स्कीवर उठण्याचा सराव पुढच्या खेपेला टेक्सासात करा. ही माघार समजू नका. जगभर हौशी लोक वर्षानुवर्षं असंच करतात.

दोर लाँचच्या एका कोपऱ्याला बांधू नका, लाँच तिरकी ओढली जाते. मागं दोन्ही कड्यांना मिळून त्रिकोणी दोर लावा आणि ओढ मधोमध आणा. कडे स्क्रूनं नुसते लाकडात बसवलेले असतील तर आरपार बोल्ट आणि मागून पट्टी लावून घ्या, हे तुमच्याच वर्कशॉपमध्ये एका दुपारचं काम आहे. दोर वॉटर स्कीचाच हवा, साधारण २३ मीटरचा. नायलॉनचा ताणला जाणारा दोर कधीही नको. तो ताणून सुटला तर गोफणीसारखा बोटीत येतो.

शिवसागराचं पाणी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. तरी लिहिते, कारण साताऱ्याहून मला अशी आणखीही पत्रं येतात. पाणी भरलेलं असतं तेव्हा, म्हणजे पावसाळा संपल्यापासून पुढं थंडीभर, ते अंथरूण घातल्यासारखं असतं. मार्चनंतर पातळी उतरू लागली की बुडालेल्या झाडांची खोडं, जुन्या बांधांचे दगड, गावांच्या खुणा हळूहळू वर येतात. काही वर येतात आणि काही हातभर पाण्याखाली दबा धरून राहतात. ताशी ४५ ला हातभर पाणी म्हणजे काहीच नाही. उन्हाळ्यात तिथं स्की नको. थंडीतही आदल्या दिवशी त्याच पट्ट्यात लाँच सावकाश फिरवून, तिथल्या जुन्या नावाड्याला सोबत घेऊन तळ विचारून घ्या. तापोळा-बामणोलीच्या नावाड्यांना कोणत्या वळणाखाली कुणाची आमराई होती ते माहीत असतं.

परवानगीचं हलक्यात घेऊ नका. जलाशय जलसंपदा विभागाचा, पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, आणि २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. मित्राची लाँच पर्यटकांसाठी चालते म्हणून स्कीइंगही चालतं असं होत नाही. मुनावळ्याला २०२४ मध्ये सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं आहे, पहिली चौकशी तिथं करा. जाकिटं, बचाव बोट आणि माणसं असलेल्या ठिकाणी, त्यांच्या आखलेल्या पट्ट्यात खेळायला मिळालं तर मित्राच्या लाँचपेक्षा मी तेच निवडेन. कोणताही पट्टा मिळो, रविवार टाळा. पर्यटकांच्या लाँचच्या लाटा आणि तराफ्याची वाट यांच्यापासून लांब, आठवड्यातल्या दिवशी सकाळी लवकर जा, वारा सुटायच्या आत.

सांगलीच्या वाचकांनी मात्र कृष्णेचा विचारही करू नये. होड्यांच्या शर्यतींची आपली नदी आहे, मला जिवापलीकडं प्रिय आहे, पण पात्र वळणांचं, काठावर पोहणारी पोरं, आणि भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी. तिथं दोराच्या टोकाला पाण्यात तरंगत बोटीची वाट बघणं हा वेडेपणा आहे.

आता उठण्याचं. फळी योग्य असली तरी एक सवय तुम्हाला मोडावी लागेल, कारण दोन स्कींवर चालून गेलेली चूक एकीवर चालत नाही. तुमच्यासारखा ताकदीचा माणूस दोर ताणला की हात ओढून घेतो. पाण्यात गोळा होऊन बसा. पुढचा गुडघा छातीला टेकलेला, टाच बुडाला लागेल इतकी जवळ, स्कीचं नाक पाण्याबाहेर वीतभर, दोर त्याच्या एका बाजूनं. हात सरळ, पूर्ण सरळ. बोट निघाली की पाणी छातीवर येईल, हनुवटीवर येईल, क्षणभर नाकातोंडावर फुटेल. इथंच तुम्ही आजवर उभं राहायला गेला असणार. जाऊ नका. डोळे मिटलेत तरी चालेल, गोळा सोडू नका. पाण्याचा आवाज बदलतो, गडगड थांबून सळसळ लागते, आणि पायाखाली फळी कडक होते. मग तिनं उचललं की तिच्यासोबत वर या, हँडल कमरेपाशी. बोट चालवणाऱ्याला सांगून ठेवा: एकदम झटका नको, रेंगाळणंही नको, एका दमात सलग वाढता जोर हवा. हलक्या माणसाला ओढण्याची सवय असलेला चालक जड माणसाला बहुतेक वेळा झटकाच देतो.

आणि त्याला तो जोर बरोबर देता यावा म्हणून तुमचं खरं वजन माहीत हवं. आले मी तुमच्या कबुलीवर. दादा, ९५ आणि १०८ मध्ये स्कीचं एक माप बदलतं, जाकिटाचं एक माप बदलतं, इंजिनाचा हिशेब बदलतो. मेहुणा ९५ धरून कदाचित ६९ इंची उचलून आणेल, आणि तुम्ही पुन्हा तेच म्हणाल की माझं अंगच असं. लाजेची गोष्ट म्हणून जो आकडा लपवला, तोच या खेळात सर्वांत कामाचा आहे. आज फोन करा. सासरच्या माणसापुढं हे किती जड जातं याची मला कल्पना आहे, पण ज्यानं तुम्हाला चौदा वेळा पाण्यातून ओढायचा प्रयत्न केला त्याच्या खांद्यांना आणि इंजिनाला हे वजन आधीच कळलेलं आहे.

वहिनींचं म्हणणं मी दोन भागांत घेते. "हे आपल्या अंगाचं काम नाही" हे मला मान्य नाही. पण त्यामागची काळजी खरी आहे, आणि तिला उत्तर द्यायला हवं. त्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडं जा. रक्तदाब, साखर, हृदयाची तपासणी, आणि खांदे-गुडघे दाखवून विचारा की पाण्यातून ओढलं जाण्याचा झटका चालेल का. तोवर घरी दोन गोष्टी करा, बारला नुसतं लटकणं आणि खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणं-बसणं. मुठी आणि मांड्या, स्कीला एवढंच लागतं.

कपड्यांबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते, आणि हे स्त्री-वाचकांनी नीट वाचावं. पातळ पोहण्याच्या कपड्यांवर मागच्या बाजूनं जोरात पडलं तर पाणी दाबानं शरीरात शिरतं आणि आतून इजा होऊ शकते. जाड निओप्रीनची, म्हणजे रबरासारख्या कापडाची, तंग हाफपँट घालूनच उतरा, पुरुषांनीही. जाकीट छातीच्या मापाचं आणि सगळ्या बकलांनी बंद होणारं हवं. खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये.

खरेदीचं थोडक्यात. या जातीची नवी नुसती स्की साधारण पाचशे ते नऊशे डॉलरला मिळते, बूट वेगळे. मी म्हणेन चार-पाच वर्षं जुनी बघा. मेहुण्याला सांगा, बुटाचे स्क्रू जिथं बसतात त्या छिद्रांभोवती बारीक भेगा आहेत का बघ, स्क्रू नुसता फिरतोय का बघ, तळ आणि कडा अंगठ्यानं दाबत जा. कुठं मऊ लागलं तर आत पाणी शिरलंय, सोडून दे. रबर तडकलं असेल तर बूट नवे घे. जड माणसाच्या स्कीला सर्वांत आधी त्या छिद्रांपाशीच त्रास होतो. आणि ७१ इंच म्हणजे १८० सेंटिमीटर. विमानाच्या साध्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून मर्यादा १५८ असते, तेव्हा ही खेळाचं सामान म्हणून आधी सांगून, पैसे भरून आणावी लागेल. तिकीट काढतानाच त्यानं विचारलेलं बरं.

राहिल्या वहिनी. त्यांना काठावर बसवू नका, लाँचमध्ये घ्या. चालकाचं लक्ष पुढं असतं, म्हणून मागं तोंड करून फक्त तुमच्याकडं बघणारं एक माणूस बोटीत लागतंच, आणि तुमच्या चेहऱ्यावरून तुम्ही दमलात की दुखावलात हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? खुणा घरीच ठरवा. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर हात थापटला म्हणजे परत चला. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर गुंफले म्हणजे मी ठीक आहे. ही खूण दिसली नाही तर लाँच लगेच वळवायची, आणि जवळ येताना तुम्ही चालकाच्या बाजूला राहाल असं यायचं. हाताला लागाल इतक्या अंतरावर आली की इंजिन बंद. तोपर्यंत स्की पाण्यात उभी धरून ठेवा. नुसतं डोकं लांबच्या लाँचला दिसत नाही, ७१ इंची स्की दिसते.